हातांची विद्या : जपानी काष्ठचित्रांचें पुनरुज्जीवन

सन २०२४ च्या जुलै महिन्याच्या ३ तारखेस जपान देशांत नव्या नोटा चलनांत आल्या. त्यांपैकीं एक हजार येनांच्या नोटेच्या पाठीवर एका प्रचंड लाटेचें चित्र आहे. लाट फुटण्याच्या बेतांत आहे, तिच्या फेसास जणूं नखें फुटलीं आहेत, खालीं लांबट होड्यांतील नावाडी जीव मुठींत धरून ओणवे झाले आहेत, आणि दूर, लाटेच्या कमानीखालीं, फुजी पर्वत एखाद्या लहानशा टेकडीसारखा शांत बसला आहे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं हें चित्र कोठें ना कोठें पाहिलेंच असेल. कारण वह्यांच्या वेष्टनांवर, पिशव्यांवर व भिंतींवरहि तें हल्लीं दिसतें. होकुसाई नांवाच्या चित्रकारानें सुमारें १८३१ सालीं तें काढलें. त्या काळीं असें एक चित्र एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, शेवयांच्या एक-दोन वाडग्यांच्या किमतींत मिळे असें सांगतात. त्याच चित्राची एक जुनी प्रत मार्च २०२३ मध्यें न्यूयॉर्क येथील लिलांवांत २७ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेली.

परंतु आम्हांस येथें किमतीविषयीं लिहावयाचें नाहीं. त्या चित्रावर होकुसाईची सही आहे. ज्या कारागिरानें ती लाट लाकडाच्या फळींत कोरली व ज्यानें ती कागदावर उमटविली, त्या दोघांचीं नांवें मात्र तेथें नाहींत. अशा चित्राचा मूळ कागद कोरतांनाच नष्ट होतो. म्हणजे आज सारें जग जें पाहतें आहे तें होकुसाईच्या कल्पनेचें असलें तरी, प्रत्यक्षांत त्या दोन अनाम कारागिरांच्या हातांचें काम आहे. आमचा आजचा विषय हे हातच होत. गेल्या दीडशें वर्षांत त्यांची विद्या एकाहून अधिक वेळां बुडण्याच्या बेतांत आली, आणि प्रत्येक वेळीं कोणीतरी तिला वर काढलें. तें कोणीं व कसें केलें, आणि त्यांत आमच्या शाळेनें व आमच्या घरांनीं शिकण्यासारखें काय आहे, हें आमच्या अल्पमतीप्रमाणें सांगावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या चित्रांची कृति पाहूं. कारण कृति समजल्यावांचून कारागिराची थोरवी समजत नाहीं. चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईनें केवळ रेषांचें चित्र काढतो. तो कागद रानटी चेरीच्या गुळगुळीत फळीवर खळीनें पालथा चिकटवितात. मग कोरणारा कारागीर सुरीनें प्रत्येक रेषेच्या दोन्ही कडा कापतो, आणि रेषेबाहेरचें लाकूड पटाशीनें काढून टाकतो. जी रेषा चित्रकारानें कुंचल्याच्या एका फटक्यासरशीं काढली, ती यानें दोन बाजूंनीं दोनदां कापावयाची. आणि तरीहि ती कुंचल्यानेंच काढली आहे असें पाहणारास वाटलें पाहिजे! स्त्रीच्या चित्रांत कपाळावरील केसांची कड कोरणें हें सर्वांत कठीण समजलें जाई, व तें काम उस्तादाकडेच असे. नवशिका सोप्या भागांपासून प्रारंभ करी आणि उस्तादाच्या जागेवर बसावयास त्यास दहा-दहा वर्षें लागत.

ही मुख्य फळी झाली म्हणजे तिच्या कांहीं प्रती काढून चित्रकार कोठें कोणता रंग हवा तें त्यांवर दाखवितो, आणि प्रत्येक रंगासाठीं निराळा ठसा कोरतात. दहा रंग असतील तर तोच कागद दहा वेळां, कधीं त्याहूनहि अधिक वेळां, ठशावर ठेवावा लागतो. रंग रेषेच्या बाहेर जाऊं नये म्हणून प्रत्येक फळीच्या एका कोपऱ्यांत काटकोनाची एक खांच व त्याच कडेला सरळ रेषेची दुसरी खांच ठेवलेली असते. कागदाचा कोपरा व कड त्या खांचांत बसविली कीं कागद प्रत्येक वेळीं नेमका त्याच जागीं येतो. ही सारी बहुरंगी छपाई या दोन साध्या खांचांवर उभी आहे. मोठ्या शोधांचें मूळ पुष्कळदां इतकें लहान असतें.

छपाईस यंत्र म्हणून कांहींच नाहीं. ठशावर पाण्यांत कालविलेला रंग व थोडी तांदळाची खळ कुंचल्यानें पसरतात, वर ओलसर केलेला कागद ठेवतात, आणि त्या कागदाच्या पाठीवर बारेन नांवाची गोल चकती घासतात. बांबूच्या कोंबाभोंवतीं जें आवरण असतें त्याच्या बारीक पट्ट्या वळून दोरी करावयाची, ती चक्राकार गुंडाळून बसवावयाची व वर पुन्हां बांबूचेंच आवरण ताणून बांधावयाचें, असें हें साधन. कोठें किती जोर द्यावा हें फक्त छापणाराच्या मनगटास ठाऊक. आकाश वर गडद निळें आणि खालीं उतरतां उतरतां पांढरें होत जातें, अशी जी मनोहर छटा या चित्रांत दिसते, ती फळींत कोरलेली नसते. प्रत्येक प्रतीसाठीं छापणारा ती ठशावर नव्यानें हातानें तयार करतो. कागदहि साधा चालत नाहीं. कोझो नांवाच्या झुडपाच्या सालीचे लांब तंतू असलेला हाती कागद, सरस व तुरटी यांचें पाणी देऊन तयार केलेला, एवढ्या वेळां ओला होऊन व घासला जाऊनहि फाटत नाहीं.

अशा रीतीनें एका चित्रामागें चौघे असत : पैसा घालणारा व काम वांटून देणारा प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. पांचवा, ज्याला आपण विसरतों, तो कागद करणारा. सुझुकी हारुनोबु या चित्रकारानें १७६५ च्या सुमारास अनेक रंगांचीं चित्रें काढलीं, व तेथून सुमारें शंभर वर्षें ही कला भरभराटींत होती. नाटकांतील नट, कुस्तीगीर, सुंदर स्त्रिया, प्रवासाचे रस्ते, पाऊस, हिंव या सर्वांचीं चित्रें सामान्य माणसाच्या घरीं गेलीं. आमच्याकडेहि पुढें १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या व नंतर मळवलीस गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्यानें देवादिकांचीं रंगीत चित्रें गरिबांच्या भिंतीवर नेलीं. परंतु तेथें दगड व यंत्र होतें, येथें लाकूड व मनगट.

पुढें १८६८ सालीं जपानांत राज्यक्रांति झाली आणि पश्चिमेची वाट मोकळी झाली. छायाचित्र आलें, शिळाप्रेस आला, वर्तमानपत्रें आलीं. ज्या चित्रांसाठीं लोक पूर्वीं दुकानापुढें गर्दी करीत त्यांना गिऱ्हाईक उरेना. १८९४-९५ च्या चीनशीं झालेल्या युद्धांत लढायांचीं चित्रें कांहीं काळ खपलीं, पण तो विझत्या दिव्याचा भडका होता. दहा वर्षांनीं रशियाशीं युद्ध झालें तेव्हां लोकांस छायाचित्रेंच हवीं होतीं. ठसे कोरणारांचे मुलगे दुसऱ्या धंद्यांत शिरूं लागले.

आणि नेमक्या याच काळांत युरोपांत या चित्रांचें वेड लागलें होतें! हॉलंडचा चित्रकार व्हॅन गॉग यानें १८८७ सालीं हिरोशिगेच्या पुलावरील पावसाच्या चित्राची तैलरंगांत नक्कल केली. फ्रान्सच्या मोने यानें आपल्या घराच्या भिंती जपानी चित्रांनीं भरून टाकल्या. पिकतें तेथें विकत नाहीं अशी आपली म्हण आहे, तिचें याहून चांगलें उदाहरण कोणतें?

या परिस्थितींत पुनरुज्जीवनाचा पहिला प्रयत्न एका दुकानदारानें केला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. वातानाबे शोझाबुरो (१८८५–१९६२) हा टोकियोंतील प्रकाशक. जुन्या चित्रांना परदेशीं मागणी आहे हें त्याला व्यापारामुळें ठाऊक होतें. परंतु त्याच्या मनांत असें आलें कीं कोरणारे व छापणारे अद्याप जिवंत आहेत, तर त्यांना नवें काम कां देऊं नये? १९१५ सालीं त्यानें प्रथम ज्याचीं चित्रें या पद्धतीनें छापलीं तो फ्रित्झ कापेलारी हा ऑस्ट्रियन चित्रकार होता. त्याच वर्षीं हाशिगुची गोयो या जपानी चित्रकारानेंहि त्याच्यासाठीं चित्र केलें. पुढें इतो शिन्सुई व कावासे हासुई हे तरुण आले. या प्रवाहास ‘शिन्-हांगा’ म्हणजे ‘नवीं ठसाचित्रें’ असें नांव पडलें. पद्धति जुनी, चौघांची. दृष्टि मात्र नवी. हासुईच्या चित्रांत बर्फ पडत असतें, संध्याकाळीं खिडकींत एकच दिवा असतो, पावसांत छत्री घेतलेला एकटा वाटसरू चाललेला असतो. आणि पाहणारास थंडी वाजल्यासारखें होतें.

तारीख १ सप्टेंबर १९२३ रोजीं टोकियोस मोठा भूकंप झाला व त्यामागून आग लागली. वातानाबेचें दुकान, त्यांतील चित्रें व ठसे जळून गेले. हासुईच्या रेखाटनांच्या वह्याहि गेल्या. एवढा घाला पडल्यावर कोणीहि माणूस हात टेकून बसला असता. परंतु थोड्याच अवधींत हासुई नव्या वह्या घेऊन प्रवासास निघाला आणि वातानाबेनें पुन्हां फळ्या मांडल्या. लाकूड जळलें, पण तें कोरणारे हात जळले नव्हते, म्हणून कला वांचली. आमच्या सर्व विवेचनाचें सार या एका गोष्टींत आहे.

याच काळांतील दुसरा मोठा पुरुष योशिदा हिरोशी (१८७६–१९५०). त्यानें १९२५ सालीं आपली स्वतंत्र चित्रशाळा काढली, कोरणारे व छापणारे आपल्या नजरेखालीं बसविले, आणि स्वतःहि सुरी हातांत घेऊन त्यांचें काम शिकला. ज्यास दुसऱ्याकडून उत्तम काम करून घ्यावयाचें त्यानें तें काम स्वतः जाणलें पाहिजे, असा त्याचा बाणा होता. एकाच ठशांवर निरनिराळे रंग लावून तो सकाळ, दुपार, धुकें, रात्र असे एकाच दृश्याचे अनेक प्रहर दाखवी. आम्हांस तो विशेष जवळचा वाटतो, कारण १९३०-३१ च्या सुमारास तो आपल्या मुलासह हिंदुस्थानांत आला होता. परत गेल्यावर त्यानें ताजमहाल, काशी, उदेपूर यांचीं चित्रें केलीं, आणि त्यांतच आमचीं अजिंठा व वेरूळ येथील लेणींहि आहेत. खडक कोरून देऊळ काढणारांचें काम लाकूड कोरणारांनीं चेरीच्या फळीवर पुन्हां कोरावें, हा योग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. वेरूळच्या पाथरवटांचीं नांवें तरी कोठें कोणास ठाऊक आहेत?

आतां दुसरी बाजू. सर्वांनाच ही चौघांची पद्धति मान्य नव्हती. यामामोतो कानाए (१८८२–१९४६) हा लहानपणींच लाकडावर कोरण्याच्या धंद्यांत उमेदवार म्हणून लागला होता व नंतर कलाशाळेंत शिकला. १९०४ सालीं त्यानें एका कोळ्याचें लहानसें चित्र स्वतः काढलें, स्वतः कोरलें व स्वतः छापलें. चित्रकारानें नुसतें चित्र काढून दुसऱ्याच्या हातीं द्यावें हें त्याच्या पक्षास रुचेना. आपल्या मनांतील भाव आपल्याच सुरीनें लाकडांत उतरला पाहिजे असें त्यांचें म्हणणें. या पक्षाचें नांव ‘सोसाकु-हांगा’, म्हणजे ‘स्वनिर्मित ठसाचित्रें’. याच पंथांत पुढें मुनाकाता शिको (१९०३–१९७५) झाला. हा उत्तरेकडील आओमोरीच्या एका लोहाराचा मुलगा. दृष्टि इतकी अधू कीं फळीस जवळजवळ नाक लावूनच कोरावयाचा. व्हॅन गॉगचीं सूर्यफुलें छापील पाहून त्याने चित्रकार होण्याचा निश्चय केला. हिरोशिगेनें व्हॅन गॉगला शिकविलें आणि व्हॅन गॉगनें मुनाकाताला. दिलेलें दान असें फिरून घरीं येतें. १९५६ सालीं व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनांत ठसाचित्रांचें श्रेष्ठ पारितोषिक या लोहाराच्या मुलास मिळालें.

या दोन पक्षांत खरा कोण? आमच्या मतें दोघांचेंहि म्हणणें अर्धें अर्धें खरें आहे. स्वतःच्या हातानें काम केल्यानें चित्रकारास स्वातंत्र्य मिळतें व लाकडाचा स्वभाव कळतो, हें निर्विवाद. परंतु केसाएवढी रेषा कोरणें किंवा चाळीस वेळां कागद ठेवून एकहि रंग न सरकूं देणें, हें आयुष्य वाहिल्यावांचून येत नाहीं. आणि एका माणसास एकच आयुष्य असतें. सर्वांनींच सर्व कामें करावयाचीं ठरविलें असतें तर जगास मुनाकाता मिळाला असता, पण होकुसाईची लाट पुन्हां कोणासहि कोरतां आली नसती. दुसरें असें कीं, दुसऱ्याच्या कामांत आपलें नांव नसतांहि जीव ओतणें हा एक मोठा गुण आहे. आजकाल ज्याच्या त्याच्या तोंडीं ‘मी’ आहे. अशा काळांत चौघांनीं मिळून एक चित्र करण्याची ही रीति मुलांपुढें ठेवण्यासारखी नाहीं काय? मात्र त्या चौघांचींहि नांवें लोकांस कळावीं, एवढी दुरुस्ती तींत व्हावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें कारागिरांचें ज्ञान पुन्हां क्षीण झालें. तेव्हां १९५३ सालीं सरकारच्या पुढाकारानें हासुईकडून ‘झोजोजी देवळांतील बर्फ’ हें चित्र मुद्दाम करवून त्याच्या कृतीची पायरीपायरीनें नोंद ठेवण्यांत आली. त्या एका चित्रास चाळीसहून अधिक छाप घ्यावे लागले. नोंद ठेवणें चांगलेंच. परंतु नोंदवहीनें पोहतां येत नाहीं तसें कोरतांहि येत नाहीं. खरें काम झालें तें कारखान्यांतून. टोकियोंतील आदाची संस्थेनें १९२८ पासून जुन्या चित्रांचे ठसे नव्यानें कोरून छापण्याचें काम चालविलें. १९९४ सालीं तिनें एक निधि स्थापून तरुण कोरणारे व छापणारे तयार करण्याचें कार्य हातीं घेतलें, आणि आजच्या चित्रकारांचीं नवीं चित्रेंहि ती याच पद्धतीनें काढते. यायोई कुसामा या वृद्ध व जगप्रसिद्ध चित्रकर्त्रीचा फुजी पर्वत तिच्या कारागिरांनींच लाकडावर कोरला. कागदाच्या बाबतींत एचिझेन प्रांतांतील इवानो इचिबेई या घराण्यांतील पितापुत्रांस सरकारनें राष्ट्राचें जिवंत धन म्हणून गौरविलें. जपानांतील तीन गांवच्या हाती कागदाची विद्या २०१४ सालीं युनेस्कोनें जगाच्या वारशांत नोंदली.

आणखी एक उदाहरण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. डेव्हिड बुल हा १९५१ सालीं इंग्लंडांत जन्मलेला व कॅनडांत वाढलेला गृहस्थ १९८६ सालीं जपानांत राहावयास गेला. त्याला कोणी गुरु मिळाला नाहीं. जुनीं चित्रें निरखून व वृद्ध कारागिरांस विचारून तो शिकला. १९८९ सालीं त्यानें एक संकल्प सोडला : कात्सुकावा शुन्शो या चित्रकाराच्या १७७५ सालच्या पुस्तकांतील शंभर कवींचीं शंभर चित्रें कोरावयाचीं व छापावयाचीं, वर्षास दहा याप्रमाणें. लोकांनीं वर्गणी भरून तीं घेतलीं, आणि १९९८ च्या अखेरीस शंभरावें चित्र पुरें झालें. दहा वर्षें एक काम! आमच्यांतील किती जण दहा दिवस एक संकल्प चालवितात? पुढें २०१२ सालीं जेड हेन्री या अमेरिकन चित्रकारानें आजच्या संगणकी खेळांतील वीरांचीं जुन्या जपानी थाटाचीं चित्रें काढलीं व बुल यानें तीं लाकडावर उतरविलीं; इंटरनेटवरून लोकवर्गणी मागतांच तीन लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. २०१४ मध्यें त्यानें टोकियोच्या आसाकुसा भागांत दुकान काढलें. तेथें तरुण माणसें, त्यांत अनेक मुली, छपाई शिकलीं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यासहि बारेन हातांत धरून एक चित्र छापून पाहतां येऊं लागलें.

येथें कांहीं आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा : आज यंत्र एका मिनिटांत शेंकडों प्रती छापतें, त्या हुबेहूब असतात, मग हा खटाटोप कशास? आम्ही म्हणतों, त्या हुबेहूब नसतात. यंत्राची शाई कागदाच्या वर बसते. बारेननें घासलेला रंग कागदाच्या तंतूंत मुरतो. आडव्या उजेडांत धरलें म्हणजे दाबलेल्या रेषा बोटांस लागतात. पण हेंहि क्षणभर सोडून देऊं. यंत्र चित्र तयार करतें, माणूस तयार करीत नाहीं. दहा वर्षें सुरीशीं राहिलेल्या माणसास जो धीर, जी नजर व जो प्रामाणिकपणा येतो तोहि त्या चित्राबरोबरच निर्माण झालेला माल आहे, आणि तो कोणत्याहि बाजारांत विकत मिळत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे : जुन्या चित्रांच्या नकला करणें म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे, ती प्रेताची सजावट होय. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि गंमत अशी कीं तो यामामोतोलाहि मान्य झाला असता. यानेंच १९१९ पासून जपानच्या शाळांत मुलांनीं पुस्तकांतील चित्रांच्या नकला न करतां डोळ्यांपुढील वस्तु मोकळेपणीं काढावी अशी चळवळ केली. मग नक्कल वाईट कीं चांगली? आमच्या समजुतीप्रमाणें नकलेचे दोन प्रकार आहेत. एक, विचार टाळण्यासाठीं केलेली. दुसरी, हात तयार होण्यासाठीं केलेली. गवई गुरूची चीज तशीच्या तशी शेंकडों वेळां घोटतो ती दुसऱ्या प्रकारची. ती घोटल्यावांचून त्याचा स्वतःचा आलाप जन्मत नाहीं. आणि आयुष्यभर तेवढीच घोटीत बसला तरीहि तो जन्मत नाहीं. बुल यानें शंभर जुनीं चित्रें कोरलीं म्हणूनच त्याच्या हातून नवे वीर उमटले. जुन्याच्या पुढें जाण्याची वाट जुन्यांतूनच जाते; बाजूनें जात नाहीं.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, अडचण आहे, आणि आम्हांस ती सर्वांत मोठी वाटते. कला स्तुतीवर जगत नाहीं, भाकरीवर जगते. पारितोषिकें व मानपत्रें एखाद्या वृद्ध उस्तादास मिळतात. परंतु त्याच्या हाताखालीं वीस वर्षांचा मुलगा बसावा असें वाटत असेल तर त्या मुलास घरभाडें देतां आलें पाहिजे. चेरीचें लाकूड कापणारा, बारेन वळणारा, कागद करणारा यांपैकीं एकाचा जरी धंदा बसला तरी सारी सांखळी तुटते. वातानाबेचें दुकान, आदाचीचा कारखाना, बुलचे वर्गणीदार या सर्वांत समान असें एकच आहे : साध्या माणसांनीं साधी किंमत देऊन चित्र विकत घेतलें. लिलांवांत लाखों डॉलर देणारानें एका जुन्या कागदास मान दिला. दुकानांतून एक नवें चित्र घेणारानें एका जिवंत कारागिरास जेवण दिलें. आमच्या मतें कलेवर दुसऱ्याचे उपकार अधिक आहेत.

आतां हें सर्व आमच्या शाळेच्या वार्षिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. गेल्या वर्षीं एका पालकांनीं आम्हांस मोठ्या सद्भावनेनें विचारलें कीं, चित्रकलेच्या व सुतारकामाच्या तासांऐवजीं गणिताचे दोन तास वाढवितां येणार नाहींत काय? आम्हांस त्यांचा राग आला नाहीं. मुलाच्या पोटाची काळजी बापानें करूं नये तर कोणीं करावी? परंतु त्यांस आम्ही नम्रपणें असें सांगूं इच्छितों कीं, गणित पुस्तकांत राहतें. एक पिढी तें विसरली तर पुढची पिढी पुस्तक उघडून शिकेल. हातांची विद्या पुस्तकांत राहत नाहीं. ती एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते, आणि मधला एक हात मागें घेतला गेला कीं ती कायमची बुडते. जपानास हें १९२३ च्या आगींत कळलें. आमच्या गांवचा कांसार, बुरूड, कोष्टी, मूर्तिकार यांच्या घरीं कोणाचा मुलगा आज वडिलांजवळ बसतो, हें प्रत्येकानें आपापल्या गल्लींत पाहून यावें. तो बसत नसेल तर दोष त्या मुलाचा नव्हे. आपण त्या कामास ना मान दिला ना दाम, हा दोष आपला आहे. आमच्याकडील हस्तकलांची तारीफ परदेशी पाहुण्यांनीं केली म्हणजे आपल्याला भरतें येतें. त्याआधीं आपण त्या वस्तूकडे वळूनहि पाहत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हां सर्वांनीं कारागीर व्हावें असें आमचें म्हणणें नाहीं. तुमच्यांतील कोणी वैद्य होईल, कोणी वकील, कोणी यंत्रज्ञ. परंतु ज्यास लाकूड, माती, सूत किंवा रंग हातांत घेतल्यावर वेळेचें भान राहत नाहीं, त्यानें तें कमीपणाचें लक्षण समजूं नये. त्याच्या सोबत्यांनीं त्यास हंसूं नये. आणि बाकीच्यांनीं एक साधी गोष्ट करावी. एखादें जुनें लाकडी दार, एखादें विणलेलें लुगडें, एखादी ओतींव समई समोर आली तर ‘किती सुंदर’ एवढेंच म्हणून पुढें जाऊं नये. ‘हें कोणीं केलें?’ असें विचारावें. उत्तर मिळेल न मिळेल, पण प्रश्न विचारणाऱ्याची नजर बदलेल.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, वर्षांतून एकदां तरी मुलास घेऊन एखाद्या कारागिराच्या ओसरीवर अर्धा तास बसावें, त्याचें काम पाहावें, आणि उठतांना घासाघीस न करतां त्याची एक वस्तु विकत घ्यावी. यास फारसा खर्च नाहीं. एदो शहरांतील लोकांनीं शेवयांच्या एक-दोन वाडग्यांची किंमत देऊन जी लाट घरीं नेली, ती आज त्यांच्या राष्ट्राच्या नोटेवर आहे. त्यांनीं ती घेतली नसती तर ती कोरलीच गेली नसती.